कॅथलिक हायस्कूलचा इतिहास लिहिताना: स्थापनेचं वर्ष कोणतं धरायचं, आणि जुनी रजिस्टरं वाचायची कशी?

खडू_डस्टर
मुंबई उपनगरातल्या एका कॅथलिक हायस्कूलच्या स्मरणिकेचं काम चालू आहे. शाळा चर्चच्या आवारात आहे, खासगी अनुदानित, इंग्रजी माध्यम. सुरुवातीची काही दशकं जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे होती, नंतर धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपच्या अखत्यारीत आली. पहिली अडचण वर्षाची: लेटरहेडवर एक साल, कोनशिलेवर दुसरं, मान्यतेच्या पत्रात तिसरं. तिघांत मिळून चाळीसेक वर्षांचं अंतर. समितीत याच्यावरून दोन तट पडलेत.

दुसरी अडचण वाचनाची. जनरल रजिस्टरचे, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीचे जुने खंड आहेत, पण इयत्तांचे आकडे जुळत नाहीत. १९१० च्या आसपास 'सातवी'तून मुलं थेट मॅट्रिकला बसलेली दिसतात. जातीच्या रकान्यात 'एन. सी.', 'पोर्तुगीज' असलं काहीबाही लिहिलंय. फादरांची एक रोजनिशी आहे, निम्मी लॅटिन, निम्मी बहुधा जर्मन. एकाच पानावर जुलैनंतर ऑक्टोबर येतो, मग परत सप्टेंबर.

शिवाय हे सगळं स्कॅन करायचं तर कसं, आणि मुख्याध्यापकांची यादी व इमारतींचे फोटो यापलीकडे शाळेचं रोजचं जगणं कुठल्या कागदांतून काढता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दप्तरदार
आधी वर्षाचं. भांडण मिटेल, कारण बहुधा तिन्ही सालं बरोबर असणार. ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत एवढंच.

चर्चच्या शाळेला साधारण पाच जन्मतारखा असतात. चर्चच्या व्हरांड्यात किंवा पाद्रीबंगल्यात पहिला वर्ग भरला ती एक. हा वर्ग बहुतेकदा प्राथमिक असायचा, धर्मशिक्षण आणि अक्षरओळख एवढाच. सरकारी अनुदान पहिल्यांदा मिळालं ती दुसरी. हायस्कूलचे वर्ग पूर्ण होऊन पहिली तुकडी मॅट्रिकला बसली ती तिसरी. सध्याच्या इमारतीची कोनशिला चौथी. व्यवस्थापन बदललं, म्हणजे संघाकडून धर्मप्रांताकडे गेलं, ती पाचवी. लेटरहेडवर सर्वांत जुनी तारीख चढते, कारण जुनेपणाची हौस सगळ्यांनाच. त्यात खोटं काही नाही, पण मग 'हायस्कूलची स्थापना' असं छापू नका. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसचं उदाहरण घ्या: १८६३ हे तिथलं साल मुलांच्या अनाथालयाच्या सुरुवातीचं आहे, हायस्कूल त्यातून पुढे वाढलं. स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर पाचही तारखा, प्रत्येकीपुढे ती कशाची आणि कुठल्या कागदावरून, अशा छापा.

आता या तारखा सिद्ध कशा करायच्या.

अनुदानाची तारीख: शिक्षणविषयक धोरणाच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण संचालकांचे वार्षिक अहवाल निघत, त्यांत मदत मिळणाऱ्या शाळांची माहिती असते. ते आणि शिक्षण विभागाचे मूळ कागद महाराष्ट्र राज्य पुराभिलेख संचालनालयात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. शाळेच्या नावाने सूचीत काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. अनुदान, इमारत-मदत, जमीन अशा विषयांखाली बघा, आणि गावाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने बघा. वांद्रे, माहीम, वसई यांची स्पेलिंग दर पिढीला बदललेली आहेत.

मॅट्रिकची तारीख सर्वांत सोपी. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत उत्तीर्णांची नावं शाळेसकट छापलेली असत. तुमच्या शाळेचं नाव पहिल्यांदा ज्या साली दिसेल ते हायस्कूलचं खरं साल.

जागेसाठी मिळकत पत्रिका काढा. सिटी सर्व्हे नंबरावरून फेरफार मागे नेत गेलात की जमीन कोणी कोणाला दिली ते कळतं. इथे बहुतेक दंतकथा गळून पडतात. 'अमुक शेठनी जमीन दान दिली' असं पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं आणि कागदावर भाडेपट्टा निघतो.

बातम्यांसाठी 'एक्झामिनर' हे मुंबईचं कॅथलिक साप्ताहिक चाळा. १८५० पासूनचं आहे, सुरुवातीला 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' नावाने. बक्षीस समारंभ, इमारतीची पायाभरणी, फादरांच्या बदल्या, सगळं त्यात सापडतं. नगर-पुण्याकडच्या मराठी मिशन शाळांवर कोणी काम करत असेल तर त्यांनी 'निरोप्या' पाहावा, तो १९०३ पासूनचा, वसईकरांसाठी 'सुवार्ता'.

एक गोष्ट मात्र कागद शोधायच्या आधी ठरवा: तुमचं चर्च १९२८ पूर्वी कोणाच्या अमलाखाली होतं? मुंबईत तेव्हा दोन समांतर व्यवस्था होत्या. पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालची चर्चेस, आणि प्रोपागांडा, म्हणजे थेट रोमच्या अखत्यारीतली. पाद्रोआदोची चर्चेस १८८६ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपांकडे, मग १८८६ ते १९२८ दमण धर्मप्रांताकडे होती. १९२८ ला तो धर्मप्रांत मोडला आणि त्याची इकडची चर्चेस मुंबईत विलीन झाली. एकाच उपनगरात हाकेच्या अंतरावर दोन चर्चेस आणि दोन शाळा का, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. चर्च पाद्रोआदोचं असेल तर जुना पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये आणि काही भाग गोव्यात, हे गृहीत धरूनच निघा. वसई धर्मप्रांत १९९८ ला वेगळा झाला, नाशिक १९८७ ला. त्यांच्या शाळांचे आधीचे कागद अनुक्रमे मुंबईला आणि पुण्याला विचारावे लागतात.

रोमन_आकडा
रोजनिशीतला घोळ वाटतो तेवढा नाही. पानावर '७' लिहून पुढे 'ब्रिस' अशी अक्षरं असतील, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात, त्यावरून 'सेप्तेंब्रिस' आखूड करून लिहायची ती खूण. त्याच चालीने ८ ब्रिस ऑक्टोबर, ९ ब्रिस नोव्हेंबर, आणि १० किंवा रोमन एक्स लावून ब्रिस म्हणजे डिसेंबर. तुम्हाला जुलैनंतर ऑक्टोबर आणि मग परत सप्टेंबर दिसला, कारण लिहिणाऱ्याने कधी आकडा वापरला, कधी पूर्ण शब्द. आतापर्यंत काढलेल्या सगळ्या तारखा परत तपासा.

या वहीचं नाव बहुधा 'हिस्तोरिया दोमुस' असेल, म्हणजे घराचा इतिहास. 'घर' म्हणजे शाळा नव्हे, फादरांचं निवासस्थान. हे विसरलं की चुका होतात. कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी, बिशप कधी जेवायला होते, हे नीट मिळेल. वर्गात काय चाललंय ते क्वचित. शिवाय ही वही वरिष्ठांच्या नजरेखालून जायची, म्हणून भांडणं त्यात गुळमुळीत होऊन येतात. सेलेशियन, म्हणजे डॉन बॉस्कोच्या संघाच्या फादरांच्या घरी याच जातीची वही इटालियन नावाने 'क्रोनाका' म्हणून असते, सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये 'ॲनल्स'.

नेहमी लागणारी संक्षिप्त रूपं: नावाआधी 'पी' म्हणजे पातेर, दीक्षित फादर. 'एफ' म्हणजे फ्रातेर, ब्रदर. 'स्कोल' म्हणजे स्कोलास्टिक, फादर होण्याआधीचा जेझुइट; हे दोन-तीन वर्षं शिकवून पुढच्या अभ्यासाला जात. शिक्षकांच्या यादीत काही नावं चटकन गायब होतात, त्यामागे राजीनामा-बडतर्फी शोधत बसू नका, आधी हे बघा. पानाच्या माथ्यावर ए. एम. डी. जी. अशी चार अक्षरं दिसली तर ती कोणाची आद्याक्षरं नाहीत. 'देवाच्या अधिक गौरवासाठी' या अर्थाचं जेझुइटांचं लॅटिन ब्रीद आहे ते. शेवटी एल. डी. एस. असेल तर 'देवाची सदा स्तुती'. स्मरणिकांत 'श्री. ए. एम. डी. जी.' छापून येऊ शकतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कोण कुठे कोणत्या कामावर होतं याची खात्री रोजनिशीवरून करू नका. जेझुइट प्रांत दर वर्षी छापील 'कातालोगुस' काढतो: प्रत्येक घर, त्यातला प्रत्येक माणूस, त्याचं काम. लॅटिन असलं तरी साचा ठरलेला, तासाभरात वाचता येतो. त्यात रेक्टर आणि प्रिन्सिपल वेगळे असू शकतात. रेक्टर घराचा प्रमुख, प्रिन्सिपल शाळेचा. मुख्याध्यापकांच्या याद्यांत रेक्टर घुसलेले असतात ते इथूनच.

जर्मन मजकूर जुन्या कुरेंट लिपीत असणार. आजच्या जर्मन शिक्षकालाही ती आपोआप वाचता येत नाही. लिपी येणारा माणूसच लागतो, मोडीसारखंच. चांगली गोष्ट अशी की मुंबईहून गेलेली पुष्कळ पत्रं 'दी काथोलिशेन मिसिओनेन' या जर्मन मासिकात छापली जात. ते १८७३ पासून निघे. छापील अक्षर असल्यामुळे तिथून सुरुवात करा. जर्मन प्रांताचं दप्तर म्युनिकला आहे; पत्र लिहिताना शाळेचं नाव, साल आणि फादरांची नावं नेमकी द्या. 'आमच्या शाळेबद्दल जे असेल ते पाठवा' असं लिहिलं की नम्र नकार येतो.

चिंच_बोरं
मधेच एक. स्मरणिकेत 'परिसरातल्या जुन्या कॅथलिक शाळा' असा तक्ता टाकणार असाल तर सांभाळून. मराठीत आपण सरसकट कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतो. मुंबईचं कॅथेड्रल आणि पुण्याचं बिशप्स ही अँग्लिकन परंपरेतली, बॉम्बे स्कॉटिश स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनची. नावात संत आहे म्हणूनही कॅथलिक ठरत नाही. पाचगणीचं सेंट पीटर्स अँग्लिकनच. माझगावचं सेंट मेरीज (१८६४), पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), धोबीतलावचं सेंट झेवियर्स (१८६९) ही जेझुइटांची. आणि 'कॉन्व्हेंट' शब्दाचा नेमका अर्थ सिस्टरांचा मठ. फादरांच्या शाळेला तो लागतच नाही.

जीआर_नंबर
आता जनरल रजिस्टर. माझ्या मते शाळेचा खरा इतिहास या वहीत असतो, बाकी सगळे समारंभाचे कागद.

इयत्ता: जुन्या मुंबई इलाख्यात चार मराठी इयत्ता झाल्या की 'इंग्रजी पहिली' सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक. इंग्रजी १ ते ३ ला अँग्लो-व्हर्नाक्युलर किंवा मिडल म्हणत, ४ ते ७ म्हणजे हायस्कूल. म्हणून जुन्या आकड्यात ४ मिळवा: इंग्रजी सातवी म्हणजे नंतरची अकरावी. तुमची मुलं अकरावीतूनच मॅट्रिकला बसत होती. पण सापळा आहे. मराठी शाळेतही सातवी असायची आणि तिच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. आवारात दोन्ही विभाग असतील तर एकाच रजिस्टरात दोन प्रकारच्या सातव्या येतात. कुठली कुठली हे वयावरून ठरवा, मागच्या शाळेच्या रकान्यावरून ताडून बघा. युरोपियन शाळांच्या संहितेखाली चालणाऱ्या शाळांत आकडे आणखी वेगळे, त्यांना हे ४ मिळवणं लावू नका. पुढे परीक्षा बदलल्या: विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन एसएससी आली, राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचं, आणि दहावीची पहिली एसएससी १९७५ ला. केंब्रिजची परीक्षा देणाऱ्या शाळांचा रस्ता वेगळा, त्यांची भारतीय परीक्षा परिषद १९५८ ला स्थापन झाली.

'एन. सी.' म्हणजे नेटिव्ह ख्रिश्चन. साष्टी-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती लोकांना जुन्या कागदांत कधी नेटिव्ह ख्रिश्चन, कधी चक्क 'पोर्तुगीज' लिहिलेलं असतं. पोर्तुगालशी त्यांचं नातं धर्मांतरापुरतं आणि आडनावापुरतं. १८८७ ला बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली, त्यानंतर 'ईस्ट इंडियन' हे नाव रुळत गेलं. म्हणजे १८८५ ला 'पोर्तुगीज' असलेलं घराणं १९०५ ला 'ईस्ट इंडियन' झालं, तर माणसं बदललेली नाहीत, कारकुनाचा शब्द बदलला. गोव्याहून आलेली कुटुंबं वेगळी. ती जन्मस्थानाच्या रकान्यावरून ओळखायची, आडनावावरून कधीच नाही. 'अँग्लो-इंडियन'चंही तसंच. १९११ पूर्वी या शब्दाने बहुधा भारतात राहणारा इंग्रज सांगितला जाई आणि मिश्र वंशाच्या माणसाला 'युरेशियन' म्हणत. १९११ च्या जनगणनेपासून अर्थ पालटला.

१९५० नंतरचे खंड वाचताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. घटनेच्या कलम ३३७ ने अँग्लो-इंडियन शाळांचं विशेष अनुदान दर तीन वर्षांनी दहा टक्के घटवत दहा वर्षांत बंद करायचं ठरवलं, आणि दर वर्षीचे किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवायची अट घातली. दुसरं, जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाच, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या मुलांनाच घ्यावं. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात तो रद्द ठरवला. बार्न्स कॅथलिक नव्हे, पण निकालाचा फायदा सगळ्यांना झाला. त्या वर्षी 'मातृभाषा' रकान्यात अचानक इंग्रजी वाढलेली दिसली तर नवल वाटू देऊ नका.

मोजणी करताना: शेवटचा जीआर (जनरल रजिस्टर) नंबर म्हणजे एकूण विद्यार्थी नव्हेत. नवा खंड उघडताना कधीकधी क्रमांक परत १ पासून सुरू होतो, आणि शाळा सोडून परत आलेल्या मुलाला नवा नंबर मिळतो. म्हणून तक्त्यात नुसता नंबर न ठेवता 'खंड-नंबर' अशी जोडी ठेवा. 'जसं लिहिलंय तसं' आणि 'आपण लावलेला अर्थ' यांना दोन वेगळे रकाने. सातवीची अकरावी करून मूळ आकडा खोडला तर चूक परत सापडत नाही.

शाळा सोडल्याचं कारण हा रकाना अजिबात वगळू नका. फी थकली, गावी गेला, नोकरीला लागला, मयत: दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून मोजलं की आसपासच्या वस्तीचा पोट भरण्याचा धंदा कसा बदलला ते दिसतं. १८९६ च्या शेवटी प्लेग आला तेव्हा आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात नावं कमी झालेली दिसतील. ती सालं आधीच खुणा करून ठेवा, नाहीतर 'शाळेची घसरण' असला निष्कर्ष निघतो.

आणि नावानिशी जात-धर्म, जन्मतारीख, वर्तनाचा शेरा छापायचा नाही. एकत्रित आकडे छापा. जुन्या नोंदीत चूक दिसली तरी रजिस्टरात पेन्सिलनेसुद्धा दुरुस्ती करू नका. तो कायमचा अभिलेख आहे, आजही कोणी दाखला मागायला येतं.

खडू_डस्टर
ब्रिसचा उलगडा झाला, आभार. ७ ब्रिस असंच आहे. आता नवा प्रश्न. रोजनिशीत १९१५ नंतर हस्ताक्षर बदलतं, मजकूर तोकडा होतो, मग बरीच पानं कोरी, आणि पुढे वेगळीच भाषा. पानं फाटलेली नाहीत. काय झालं असावं?

रोमन_आकडा
महायुद्ध. १८५० च्या दशकापासून मुंबई मिशनचं काम हळूहळू जर्मन प्रांताच्या जेझुइटांकडे आलं होतं. १९१४ ला युद्ध पेटल्यावर ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नजरकैदेत ठेवलं, बहुतेकांना १९१६ पर्यंत परत पाठवलं. शाळा बंद पडल्या नाहीत, पण वरचे लोक एका फटक्यात गेले. देशी फादर, इतर राष्ट्रांचे जेझुइट आणि धर्मप्रांताबाहेरचे शिक्षक यांनी वर्ग चालवले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशन स्पेनच्या अरागॉन प्रांताकडे गेलं. पुढची भाषा स्पॅनिश किंवा कातालान वळणाची लॅटिन आहे का बघा. मुंबईला इतिहास संशोधन संस्था काढणारे फादर हेरास याच स्पॅनिश लाटेतले. संस्था १९२६ ची, आज सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये त्यांच्या नावाने आहे. मुंबईच्या ख्रिस्ती इतिहासाची पुस्तकं पाहायला तिथे जाच.

त्या कोऱ्या पानांना स्मरणिकेत जागा द्या. १९१५ ते १९२२ या काळात वर्गशिक्षक कोण होते ते पगारपत्रकातून काढा. तेव्हा शाळा खरोखर ज्यांनी ओढली ते साधे, बिनदीक्षेचे मास्तर असतात आणि एकाही फलकावर त्यांचं नाव नसतं.

कॅमेरा_स्टँड
स्कॅनिंगचं लिहितो. बांधीव रजिस्टर सपाट काचेच्या स्कॅनरवर उलटं दाबायचं नाही, पाठीचा कणा तुटतो. वही साधारण १२० अंशांत उघडी राहील असे दोन बाजूंना फोमचे किंवा घडी केलेल्या चादरीचे उतार करा, वरून कॅमेरा.

फुलस्केप पान ८.५ बाय १३.५ इंच धरलं तर ३०० डीपीआयला २५५० गुणिले ४०५०, म्हणजे सुमारे १०.३ मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या फोनवर एक पान जेमतेम बसतं. दोन पानं एका फोटोत घ्याल तर बारीक अक्षर गेलंच. आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी, असं घेतलं की वही सारखी फिरवावी लागत नाही. फक्त नावं देताना सम-विषम क्रमांक लावा. फ्लॅश बंद. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. कव्हर आणि कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पुढे 'पान गहाळ' की 'पान कोरं' हा वाद राहतो (वरचा प्रश्न वाचलात ना).

रंगीतच घ्या, काळं-पांढरं नको. जुनी लोहयुक्त शाई उडून तपकिरी झालेली असते. रंगीत फोटोचा फक्त निळा चॅनेल वेगळा काढला की ती गडद दिसते. अर्धी 'न वाचणारी' पानं एवढ्यानेच वाचता येतात.

एका पानाला मिनिट धरा, ४०० पानांचा खंड म्हणजे सलग पावणेसात तास. वास्तवात दोघांचे दोन दिवस, कारण चिकटलेली पानं सोडवण्यात वेळ जातो. एक पान उलटणारा, एक फोटो घेणारा. एकट्याने केलं की पानं सुटतात. दर ५० पानांना थांबून फोटोंची संख्या आणि पान क्रमांक ताडून बघा. काम पावसाळ्यानंतर घ्या. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि कोपरे सुटून हातात येतात.

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि लॅमिनेशन उलटवता येत नाही. फाटलेल्या कडेला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची खळ, तेही जाणत्या हाताने. कोणी नसेल तर फाटलेलं तसंच ठेवून आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घाला. कसर दिसली तर ते खंड आधी बाकीच्यांपासून लांब करा.

मधली_सुट्टी
रोजच्या जगण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

शाळेचं छापील 'कॅलेंडर' शोधा. भिंतीवरचं नव्हे, मुलांना वर्षारंभी मिळणारी ती छोटी पुस्तिका. तीत नियम, फी, वेळापत्रक, सुट्ट्या, हाउसेसची नावं सगळं असतं. वीस वर्षांच्या पुस्तिका शेजारी ठेवल्या की नियम कधी बदलले ते आपोआप दिसतं. शाळेत सहसा एकही प्रत राहिलेली नसते, माजी विद्यार्थ्यांच्या ट्रंकांत सापडतात. आवाहन करताना 'जुन्या आठवणी पाठवा' न लिहिता 'कॅलेंडर, प्रगतिपुस्तक, फीची पावती, बक्षिसाच्या पुस्तकावर चिकटवलेली चिठ्ठी' अशी नावं घ्या.

कॅटेकिझम (कॅथलिक धर्मशिक्षण) आणि मॉरल सायन्स (नीतिशिक्षण) हा धागा धरा. एकाच तासाला वर्ग दोन भागांत विभागला जातो: कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, बाकीची मॉरल सायन्सला. घटनेच्या कलम २८ नुसार अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, त्याचा हा रोजचा व्यवहार. दोन्हींच्या हजेऱ्या मिळाल्या तर मुलांचं प्रमाण दशकागणिक कसं बदललं ते जनरल रजिस्टरपेक्षा लवकर कळतं. बाकी घडी अशी: सकाळची प्रार्थना, दुपारी १२ ला अँजेलसची प्रार्थना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, ऑक्टोबरात रोझरी, आश्रयदात्या संताच्या सणाची सुट्टी. इग्नेशियस ३१ जुलै, झेवियर ३ डिसेंबर, डॉन बॉस्को ३१ जानेवारी. सणाच्या तारखेवरून बिनतारखेचा फोटोसुद्धा महिन्यापर्यंत आणता येतो.

फोटोंना साल लावायला आणखी दोन खुंट्या. 'सोडॅलिटी' (मुलांचं भक्तिमंडळ) असा फलक दिसला तर फोटो बहुधा १९६७ च्या आधीचा, कारण त्या साली तिचं नाव बदलून ख्रिश्चन लाइफ कम्युनिटी झालं. आणि चर्चमधला फोटो असेल तर वेदी पाहा: फादर लोकांकडे पाठ करून उभे असतील तर व्हॅटिकन परिषदेआधीचा (परिषद १९६२ ते १९६५), तोंड करून असतील तर नंतरचा. पोपचं स्वागत, ओव्हल मैदानावरची गर्दी असं काही असेल तर डिसेंबर १९६४ ची युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा आंतरराष्ट्रीय मेळावा. त्याला शाळाशाळांतून मुलं गेली होती.

शाळेला बोर्डिंग असेल तर बोर्डरांची खातेवही सोन्यासारखी. कपड्यांची यादी, धोब्याचा नंबर, दूध-पावाचा हिशेब, सुट्टीत घरी न गेलेल्या मुलांची नावं. डे-स्कॉलरांबद्दल एवढं कुठेच मिळत नाही.

मुलाखती घेताना 'शाळा कशी होती?' विचारलं की 'शिस्त फार होती' एवढंच येतं. घंटा कोण वाजवायचा, डबा कुठे बसून खायचे, उशीर झाला तर कुठल्या दारातून आत घेत, वर्गात मराठी बोलल्यावर काय व्हायचं, कोणत्या जिन्याने जायला मनाई होती, असं विचारा. शिपाई, ग्रंथपाल, प्रयोगशाळेचे मदतनीस यांना सगळ्यांत आधी गाठा. संमतीपत्रावर सही घ्या आणि छडीबद्दल कोणी नाव घेऊन बोललं तर ते नाव छापायचं नाही हे आधीच ठरवा.

खडू_डस्टर
शेवटचं एक. मुख्याध्यापकांच्या यादीत एकाच वर्षाला दोन-दोन नावं येताहेत. मुलींच्या विभागात तर एक सिस्टर १९६८ ला गायब होते आणि दुसरी अचानक पंधरा वर्षांच्या अनुभवानिशी उगवते.

दप्तरदार
दुसरी बहुधा तीच आहे. सिस्टरांना व्रत घेताना नवं नाव मिळायचं; व्हॅटिकन परिषदेनंतर बऱ्याच संघांत अनेकींनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. जन्मतारीख आणि व्रताची तारीख संघाच्या मदर हाउसकडून (मुख्य मठाकडून) मागवून जुळवा, आणि यादीत दोन्ही नावं द्या.

पहिल्याचं कारण मॅनेजर. चर्चच्या शाळेचा मॅनेजर म्हणजे तिथला पॅरिश प्रीस्ट, चर्चचा प्रमुख फादर; सरकारशी पत्रव्यवहार, अनुदानाचे कागद त्याच्या सहीने. हेडमास्तर वेगळा, पुष्कळदा फादर नसलेला. अनुदानाच्या फायलीवरून यादी केली की मॅनेजर येतात, लॉगबुकावरून, म्हणजे शाळेच्या नोंदवहीवरून केली की हेडमास्तर. तीन रकाने करा: मॅनेजर, मुख्याध्यापक, आणि फादरांचं घर असेल त्या काळापुरता रेक्टर. प्रत्येक नावापुढे नेमणुकीचं साल नको, रुजू झाल्याची तारीख हवी. नेमणूक मे महिन्यात आणि रुजू जूनमध्ये, तेवढ्यात शैक्षणिक वर्ष बदलतं आणि यादी पुन्हा एका वर्षाने सरकते.